मोकळी कळी

२०२३ सालचा मार्गशीर्ष. थंडी चांगली पडली होती. सिद्धलिंगनं केलेल्या काचेच्या कळ्या न्यायला दुसऱ्या दिवशी बेळगावचं गिऱ्हाईक येणार होतं. त्याआधी फोटो काढून द्या, असा त्याच्या बायकोचा, दानेश्वरी वहिनींचा निरोप आला. निरोप आला नसता तरी गेलो असतो. त्याचं देणं होतं.

२०१९च्या महापुरात स्टुडिओतला कॅमेरा आणायला मी पाण्यात उतरलो आणि बुडालो. सिद्धलिंगनं मानगूट धरून वर ओढलं. माझा श्वास थांबला होता. त्यानं तोंडाला तोंड लावून आपला श्वास भरला.

शुद्धीवर आल्यावर मी म्हणालो, "मी कुणाचं ठेवत न्हाय. काय घेणार, बोल."

तो हसला. "श्वास दिलाय की, कृष्णातराव. त्यो कसा परत करतायसा? जमलं तर माझ्या काचंचं फोटू काढा."

ते जमायच्या आत तो गेला.

प्रयोगशाळेच्या काचनळ्या करण्यात त्याचा जन्म गेला होता. पुढं घरीच तो ज्योतीवर नळी मऊ करायचा, तोंडानं फुंकून तिची कळी फुगवायचा आणि ज्योतीवरच तिचं तोंड बंद करायचा. लांब दांड्यांच्या त्या कळ्या परसात अळूत, कर्दळीत रोवलेल्या होत्या.

मी परसात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. काचेला हाच उजेड बरा. लेन्सवर हा करून वाफ सोडली, रुमालानं पुसली आणि कॅमेरा लावला.

कळी धुरकट दिसली. पुसली. तशीच. दुसरी पुसली. तीही तशीच. वाफ आतून धरली होती.

"सकाळचं असं हुतंय, अण्णा," वहिनी पायरीवरून म्हणाल्या. "ऊन आलं की जातंय."

"आता कुठली सकाळ?"

"व्हय की... तुमी आला आणि धरलं बघा."

मी थांबलो. वाफ विरली. कॅमेरा डोळ्याला लावला की पुन्हा आली. सगळ्या कळ्यांत एकदम यायची, एकदम जायची. वारा नव्हता. अळूचं पान हलत नव्हतं. हळूहळू कळलं, माझी छाती वर होते तेव्हा वाफ जाते, खाली येते तेव्हा धरते.

मी श्वास रोखून धरला.

कळ्यांतली वाफ येत-जात राहिली.

परसात कोरडी माती, पण पुराच्या गाळाचा वास सुटला. जिभेवर तेच गढूळ पाणी आलं. मी कर्दळीचा बुंधा धरला.

"अण्णा, पाणी आणू?"

"नको. बसा तिथंच."

कडेला नेच्याच्या कुंडीत एक कळी होती. तेवढी एकच स्वच्छ. कोरडी.

"ती कसली?"

"ती शेवटची. फुंकली, आणि तोंड बंद करायच्या आधीच हे..." वहिनींनी पदर तोंडाला लावला. "मोकळीच ऱ्हायली ती."

दांड्याच्या टोकाला बारीक भोक होतं. मी गुडघ्यावर बसलो, कळी कुंडीतून उपसली आणि ओठाला लावली. काच बर्फासारखी गार असायला हवी होती. ती कोमट होती... माणसाच्या तोंडासारखी.

"घे," म्हणालो.

मी फुंकर मारली नाही. श्वास आपोआप निघाला. पोटातून, बरगड्यांतून, निघतच राहिला. डोळ्यांपुढं अंधारी आली तेव्हा कुठं ओठ सुटले.

त्या एका कळीत वाफ दाटली होती. बाकी सगळ्या लख्ख झाल्या होत्या. गाळाचा वास गेला होता. उजेड होता तोवर मी फोटो काढले. चांगले आले.

"ही पण द्यायची का त्यास्नी?" वहिनींनी विचारलं.

"न्हाय. ही ठेवा. आणि भोक बुजवून घ्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे स्टुडिओ उघडला. गल्लीत थंडीनं दूधवाल्याच्या तोंडातून वाफा निघत होत्या. सवयीप्रमाणं लेन्स तोंडापुढं धरली आणि हा केलं. पुन्हा केलं. काच कोरडीच राहिली.

देणं फिटलं.