बंद बोगद्यातली पावलं

ही घटना माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत घडली आहे. पटली तर घ्या, पण एक अक्षरही पदरचं नाही. आणि रात्रीबित्रीची तर मुळीच नाही. सुट्टीच्या दिवशी, भरदुपारी घडली.

ताई भुताला घाबरणारी नव्हे. लहानपणी अंधाऱ्या खोलीत ती मलाच पुढे ढकलायची.

कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर ती ऑपरेटर आहे. जमिनीखाली गोल बोगदा, त्यात चुंबकांची रांग आणि त्यांच्या मधून धावणारा कणांचा झोत, म्हणजे बीम. केसाहून बारीक आणि भारी नाजूक. वरच्या रस्त्यावरून ट्रक गेला तरी चुंबक हादरतात, बीम डगमगतो आणि ताईच्या स्क्रीनवरची सरळ रेघ थरथरते, जो चुंबक हलला बरोबर त्याच्या जागी.

बीम चालू असताना बोगद्यात माणूस जगणार नाही. म्हणून आत जाणारा प्रत्येक जण आपली किल्ली सोबत नेतो. सगळ्या किल्ल्या कंट्रोल रूममध्ये परत लागल्याशिवाय बीम सुरूच होत नाही.

एका सुट्टीला ताई कंट्रोल रूममध्ये एकटी होती. किल्ल्या सगळ्या जागेवर.

आणि रेघ हलली...

थांबली. पुन्हा हलली.

ट्रक असा हादरवत नाही. आधी एक चुंबक... मग त्याच्या पुढचा...

आत कोणीतरी चालत होतं.

ताईने बीम बंद केला. टॉर्च घेऊन अख्खा बोगदा पालथा घातला. चिटपाखरूही नव्हतं.

पुढच्या सुट्टीला पुन्हा तेच. साहेब वैतागले.

"अहो मॅडम, पाइपातलं पाणी असेल. यापुढे मला विचारल्याशिवाय बंद करायचं नाही."

ताईने बंद करणं सोडलं. खरं सांगू? तिला ती पावलं आवडायला लागली होती. दोन खोल्यांत एकटी राहणारी, सुट्टीचीही ड्युटी मागून घेणारी बाई ती. स्क्रीनसमोर डबा उघडून बसायची. रेघ स्थिरावली की म्हणायची, "दमलात का? बसा जरा."

मग ती दुपार आली.

पावलं अचानक पळायला लागली...

बोगद्याच्या दाराच्या दिशेने.

साहेबांचा फोन लागेना. ताईचं बोट बीम बंद करायच्या लाल बटणावर होतं. समोर सगळ्या किल्ल्या लटकत होत्या. आत माणूस असणं शक्यच नव्हतं.

पावलं दाराशी पोचली. रेघ तिथेच थडथडायला लागली, कोणी दार बडवावं तशी. पुन्हा... पुन्हा...

ताईने बटण दाबलं नाही.

रेघ सरळ झाली.

नंतर आत जाऊन पाहिलं, तर सगळं रिकामं. दारावर साधा ओरखडाही नव्हता.

तेव्हापासून बीम कधी तसा हलला नाही. साहेब खूश आहेत. ताई मात्र ड्युटी नसली तरी सुट्टीला तिथे जाऊन बसते. डबा तसाच परत आणते.

परवा माझ्याकडे जेवायला आली होती. मध्येच म्हणाली, "आत कोणी नव्हतंच ना रे?"

"नव्हतंच गं ताई."

"मग मेलं कोण?"