धुराचे पुर्जे

“पोरी... जात्याकडे नको जाऊ. दाराकडे जाय.”

हा आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकला. साठ वर्षं होऊन गेली. पुरुषाचा, बसलेला, घशात राख साचावी तसा आवाज.

त्या वेळी घरात पुरुष कोणी नव्हता.

तुम्ही खरं माना, नका मानू. शपथ मी घेणार नाही. जे माझ्या कानांनी ऐकलं आणि ज्याची किंमत माझ्या भावानं मोजली, तेवढंच सांगते.

आणि आधीच सांगून ठेवते, ही रात्रीची गोष्ट नाही. १९६१ सालची अक्षय तृतीया. बाळापूरपासून जवळच आमचं गाव. वेळ भर दुपारची. आमच्या वऱ्हाडात वैशाखातल्या रात्रीला कोणी भीत नाही. रात्री माणसं अंगणात बाजा टाकून बोलत पडलेली असतात. भ्यायचं ते दुपारला. दुपारी गावात कुत्रंसुद्धा नसतं.

माझं नाव जमुना. आई मी लहान असतानाच गेली. घरात बाबा, मी आणि थोरला भाऊ देवीदास. वयनी पहिल्या बाळंतपणाला अकोटला माहेरी गेलेली. बाळ घेऊन ती परत यायच्या आत भावाला गाडी उभी करायची होती. स्वतःची गाडी. बायको-लेकराला तो त्याच गाडीतून घरी आणणार होता.

गाडी म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेली लष्करी पिकप. बाळापूरच्या पुंजारामनं ती घेतली होती. पुढं एका वैशाखात तो बंद कोठ्यात, त्याच गाडीजवळ मेलेला सापडला. ऊन लागलं, असं लोक म्हणाले. तेव्हापासून गाडी तिथंच उभी होती, टपावर कबुतरांची शीट घेऊन.

पुंजारामची बायको गोदाबाई. तिनं गाडी विकली, पण देताना एवढंच म्हणाली,

“भंगारात मोडजा. सुरू नका करू.”

“काहून वो मावशी?” भाऊ हसला. “सुरू नाही करायची त काय तिची पूजा करू?”

गोदाबाईनं पदर पुढं ओढला.

दोन बैलजोड्या लावून आम्ही ती गाडी ओढत आणली. रस्त्यानं पोरं टाळ्या पिटत होती. “बैलगाडीले बैल, अन् मोटरलेबी बैल!”

गाडी आमच्या कापसाच्या कोठ्यात उभी राहिली. कापूस विकून झालेला, कोठा मोकळा होता. तिथं भावानं इंजिन खोललं.

खोलायची त्याची एक रीत होती. अकोल्याला गॅरेजात मोतीराम मिस्त्रीच्या हाताखाली तो ती शिकला होता. बाजेवर जुनं धोतर अंथरायचं. पुर्जा निघेल त्याच क्रमानं त्यावर मांडायचा. बसवताना उलट्या क्रमानं उचलायचा. बाजेला कोणी हात लावायचा नाही.

धुण्याचं काम माझं. घमेल्यात घासलेट घ्यायचं, चिंधीनं एकेक पुर्जा घासायचा आणि होता तिथंच ठेवायचा. हात घासताना तोंडात ओवी येई. भाऊ चिडवायचा.

“जमे, इंजिन हाय ते. जवाई नाही.”

पण सगळं सांगायचा. “हा पिस्टन. हे व्हॉल्व्ह. अन् हा पंजा. हाताच्या बोटांसारखा दिसते ना? जळका धूर इथून बाहेर पडते. मंग हा नळा. मंग सायलेन्सर.”

एक पुर्जा मात्र त्यालाही ओळखू येईना.

पितळेचा, अंगठ्याएवढा. आत काहीतरी सैल होतं. हलवला की वाजायचा.

टिक.

रविवारी मोतीराम मिस्त्री आले. डोळ्याजवळ धरून त्यांनी तो पुर्जा फुंकला. एका बाजूनं हवा गेली, दुसऱ्या बाजूनं अडली.

“हे लष्करी भानगड हाय, बावा. लष्कराच्या गाड्या नदीतून जात. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडाची नळी असते ना, त्यातून पानी शिरे. म्हणून नळीच बंद केली, अन् हे बसवलं. पोटातला धूर इंजिन सोतःच गिळते.”

“आपलाच धूर?”

“आपलाच. बायासारखं.” मिस्त्री हसले. “काढून टाक. तुले काय नदीत पोहाचं हाय? लाकडाचा गुटका ठोक तिथं.”

भावानं गुटका ठोकला. पितळी पुर्जा बाजेच्या कडेला पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोठ्यात गेले...

बाजेवरचे पुर्जे हलले होते.

सगळे नाही. चारच. पंजा, नळा, सायलेन्सर आणि तो पितळी पुर्जा. बाजेवरून उतरवून दाराशी जमिनीवर एका ओळीत ठेवलेले.

भाऊ आला तो ओरडलाच. “कोणं हात लावला? सगळा क्रम मोडला ना!”

“मी नाही.”

“मंग कोण, बाबा?” पण मग तो खाली वाकून बघत राहिला. “पण जमे... तुले कसं समजलं?”

“काय?”

“हे चारी धुराचे पुर्जे हायेत. बाकीच्यातून नेमके हेच कसे काढले तू?”

मी काढलेच नव्हते. मला तर तोवर पितळी पुर्ज्याचं आणि सायलेन्सरचं नातंच कळलं नव्हतं.

भावानं ते परत बाजेवर मांडले. सायलेन्सर उचलताना मला त्यातून वास आला. घासलेटचा नाही. लुगडं चुलीला लागावं तसा.

पुढच्या दुपारी... पुन्हा तेच चार. दाराशी.

तिसऱ्या दुपारी मी राखणच बसले. उंबऱ्यावर बसून डोळ्याला डोळा लागू दिला नाही. कोठ्याच्या आढ्याला चिमण्यांची घरटी होती. चिवचिवाटानं कान किटायचे. आज आवाज नव्हता. वर पाहिलं...

एकही चिमणी नव्हती.

घरटी तशीच. एकातून कापसाचा पिंजा लोंबत होता. वारा नव्हता, आणि पिंजा हलत होता. आत... बाहेर. आत... बाहेर.

कोणी झोपेत श्वास घ्यावा तसा.

आणि बाजेवरून आवाज आला.

टिक...

टिक...

पुर्ज्याला कोणी हात लावला नव्हता.

मी पळत भावाकडे गेले. “नको ना भाऊ हे गाडी. मोडून टाक. काहीतरी सांगून राहिलं कोणी. त्या धुराच्या पुर्ज्यांत काहीतरी हाय. सायलेन्सर तरी फोडून पाय.”

“सायलेन्सर कोणी फोडते का, वेडे? बंद डबा असते तो.” मग माझा चेहरा पाहून तो मऊ झाला. “तुही वयनी याच गाडीत येईन. तिच्या मांडीवर भाचा राहीन तुहा. अन् तू समोर बसजो, माह्याजवळ. मंग म्हणजो, मोडून टाक.”

त्याच्या डोळ्यांत ती गाडी आताच रस्त्याला लागली होती.

अक्षय तृतीयेचा मुहूर्त ठरला. त्या दिवशी आमच्याकडे पितरांची घागर भरतात. सकाळी पाटावर घागर मांडली, पान वाढलं. कावळा लवकर शिवला नाही. बाबा तिष्ठत उभे राहिले.

जेवणं झाल्यावर भाऊ कोठ्याकडे निघाला. बाबांनी त्याला थांबवलं.

“दार लावून घे. पहिला आवाज निघेस्तोवर कोणाले दाखवू नको. नजर लागते.”

आमच्यात नवीन जातं, नवीन मोट, नवीन काहीही पहिल्यांदा असंच सुरू करत. बारशाआधी जसं बाळ झाकून ठेवतात. भाऊ हसला, पण आत गेला. पोरं फटीतून डोकावतात म्हणून बाबांनी बाहेरून कडीही घातली.

“आवाज आला का मी नारळ अन् चार मानसं घेऊन येतो,” म्हणत ते मारुतीच्या पाराकडे गेले.

मी ओसरीवर भांडी घासत बसले.

इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. आणि मग धडधडलं... चालू झालं! माझे हात राखेतच थांबले. मीसुद्धा हसले. का खोटं सांगू, त्या क्षणी मी सगळं विसरले.

धडधड एका सुरात लागली. ऊन पांढरं झालं होतं.

आणि मग घरातून आवाज आला...

घर्र... घर्र...

जात्याचा.

पीठ तर मी पहाटेच दळलं होतं. घरात कोणी नव्हतं.

पाठोपाठ बाईचा गळा.

“दळन सरंना बाई, ऊन आलं अंगनात...
माय राखते लेकीले, जशी सरकी कापसात...”

एवढी गोड ओवी मी कधी ऐकली नव्हती. पाय तिकडेच ओढले गेले. आईच्या आठवणीनं असेल. मी उठले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले.

जातं कोपऱ्यात होतं. त्यावर मीच टाकलेलं फडकं तसंच होतं.

खुंटा हलत नव्हता.

पण आवाज तिथूनच येत होता. आणि ओवी चढत होती. मोठी... अजून मोठी... गोडवा गेला. बाई गात नव्हती, ओरडत होती. मला इंजिन ऐकू येईना. मला काहीच ऐकू येईना. मी एक पाऊल आत टाकलं...

तेव्हा पाठीमागून, कानाला लागून, तो आवाज आला.

“पोरी... जात्याकडे नको जाऊ. दाराकडे जाय.”

मी वळले. मागं कोणी नव्हतं. ओसरीवर ऊन, घासलेली भांडी.

जातं थांबलं. आणि इंजिनाच्या धडधडीमागून मला ऐकू आलं...

थप.

थप.

कोठ्याच्या दारावर. तळहाताचा आवाज. खाली, जमिनीजवळ.

मी धावले. कडी तापली होती, हात भाजला. दार उघडताच निळा धूर माझ्या अंगावर आला. भाऊ उंबऱ्याला डोकं लावून पडला होता. तोंड गुलाल फासल्यासारखं लाल. मी त्याला दोन्ही काखांतून ओढत उन्हात आणलं.

इंजिन चालूच होतं. मी किंवा कोणी हात लावायच्या आधी ते आपोआप बंद पडलं.

भाऊ जगला.

अकोल्याच्या दवाखान्यातून आला तेव्हा बाबांनी पेढे वाटले. वयनी बाळ घेऊन आली, बैलगाडीतून. तिनं बाळ त्याच्या मांडीवर दिलं. त्यानं सांभाळून धरलं. मग मला हळूच विचारलं,

“कोणाचं हाय वो?”

मला तो अहो-जाहो करत होता.

पुढं मी त्याच्यासमोर बाजेवर पिस्टन ठेवला. तो त्यानं हातात फिरवला, वास घेतला. परत दिला. ज्या माणसाला अंधारात बोटांनी पुर्जा ओळखू यायचा, त्याला शेवटपर्यंत एकही पुर्जा ओळखू आला नाही.

मोतीराम मिस्त्रींनी रडत रडत तो सायलेन्सर कापला. मागच्या तोंडातून आत खोल चिंधी ठासून भरलेली होती. धूर पुढं जायला वाट नाही, म्हणून सांध्यातून कोठ्यात पसरला. चिंधी बरीच जळून गेलेली, पण शेवटचं टोक शाबूत होतं. हिरवं लुगडं. तांबडा काठ.

मला मात्र जात्याच्या आवाजाचं कोडं कधी सुटलं नाही. ज्यानं वाचवलं, तो आधीपासून पुर्जे मांडून सांगतच होता. मग जात्यावर कोण होतं? जिचा तो गळा होता, हे पुढं कळलं, ती तर जिवंत होती, बाळापुरात, आपल्या घरात. जिवंत माणसाची ओवी दुसऱ्याच्या घरात कशी येते? आजही भर दुपारी घर शांत झालं की मी रेडिओ लावून ठेवते.

ती चिंधी घेऊन बाबा आणि मी गोदाबाईकडे गेलो.

तिनं चिंधी पाहिली. ओळखायला वेळ लागला नाही.

“माहंच हाय,” ती म्हणाली. “माही लेक ललिता तवा बारा वर्साची होती. तिचे बाबा तिले अकोटच्या बिजवराले देऊन राहिले होते. त्याच गाडीत बसवून नेनार होते. गाडी सुरू होऊ नये, एवढंच होतं माह्या मनात. मले काय ठाऊक, धूर माघारी फिरते म्हनून.”

ललिता अमरावतीला शिकत होती, मास्तरीण व्हायला. भिंतीवर तिचा फोटो होता. बाबा बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. मग उठले.

“तुमी जाणून नाही केलं, बाई,” एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले.

मी निघाले, तेव्हा गोदाबाईनं माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता.

“तुहा भाऊ... त्यानं दार वाजवलं होतं का?”

मी होकारानं मान हलवली.

तिनं मनगट सोडलं नाही.

“त्यायनंबी वाजवलं होतं. लय वेळ. बाहेरून कडी मीच लावली होती, पोरी. मी जात्यावर बसली होती, मले सारं ऐकू येत होतं. मी उठली नाही... मी ओवी अजून मोठ्यानं म्हटली.”