भरतीला जागा होणारा खांब

“ओ मॅडम! आमच्या खांबाला झोपवलंत काय?”

सुचिताने शिडीवरूनच खाली पाहिलं. भिजलेला सदरा, कपाळावर चिकटलेले केस आणि रागावलेल्या चेहऱ्यावर न मावणारं हसू... काशीदजवळच्या या लहानशा बंदरात ती पहिल्यांदाच त्याला पाहत होती.

“झोपवलाच आहे,” ती म्हणाली. “नाहीतर या ढगाळ दिवसांत बॅटरी दुपारआधीच मान टाकते.”

“आणि मी खाडीच्या तोंडाशी बोट घेऊन फोन लावत बसलो, त्याचं काय? बर्फ न्हाय, गिऱ्हाईक न्हाय!”

त्याचं नाव प्रज्योत. कोळ्यांच्या सोसायटीने समुद्रापर्यंत फोन लागावा म्हणून टेकडीवर हा खांब उभा केला होता. वीज तिथवर पोचत नव्हती, सगळा भार सौर पॅनेलवर. नारळी पौर्णिमा होऊन गेली तरी मळभ हटत नव्हतं. कमी विजेत खांब चालवून दाखवायला तळा गावची सुचिता आली होती. बोटी दुपारी येतात हे पौर्णिमेला पाहून तिने यंत्र बारा ते दीडपुरतं जागं ठेवलं होतं.

सोसायटीच्या गोदूमावशीने साफ सांगितलं, “उद्या फोन लागला न्हाय, तर खांब उतरवून घेऊन जा, पोरी.”

सुचिताचे डोळे भरून आले. प्रज्योत हळूच शेजारी टेकला.

“मावशी बोलते तशी न्हाय हो...”

“चूक माझीच आहे. पण कुठे, तेच कळत नाही.” तिने त्याच्यापुढे लॅपटॉप सरकवला. “बघा ना, मी टिपून ठेवलंय, बोटींची गर्दी रोज थोडी पुढे सरकते. कालच्यापेक्षा आज पाऊण तास उशिरा.”

“सरकणारच की! पाणी चढल्याशिवाय बोट आत येईल कशी?” तो बोटांवर मोजू लागला. “उद्या चतुर्थी. तिथीची पाऊणपट, म्हंजे चाराची तीन... तीनला भरती.”

सुचिता त्याच्याकडे बघतच राहिली.

“काय झालं?”

“काही नाही... मी खांबाला घड्याळ शिकवलं. पंचांग शिकवायचं राहिलं.”

“मग शिकवा. मी हाय ना!”

दोघं हसली. तिने बोटं कीबोर्डवर ठेवली — आणि त्याच्या खांद्याचा स्पर्श झाला तरी सरकली नाही. रात्री उशिरापर्यंत दोघं खांबाला तिथ्या शिकवत बसली; ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ काळंकुट्ट. धक्क्यावर गोदूमावशी कमरेवर हात ठेवून उभी. भरती जवळ आली तसा खांबावरचा दिवा लागला. बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली! सुचिताच्या हातातला फोन वाजला.

“सुचिता! बर्फ काढायला सांग. माल भरपूर हाय... आणि —”

“आणि काय? खांब जागा आहे तोवर बोलून घे.”

लाटांचा आवाज... मग त्याचा, एकदम हळू.

“तू तळ्याला जाऊ नकोस. माझ्याशी लगीन कर...”

फोन मावशीने हिसकावला. “अरे मेल्या, पापलेट किती ते आधी सांग!”

धक्का हास्याने दणाणला. लाजून लाल झालेल्या सुचिताने फोन परत ओढून घेतला.

“पापलेट मावशीला सांग. माझं उत्तर — हो!”

एकामागून एक बोटी पाण्यावर डुलत आत आल्या. गिऱ्हाईकं धावली, बर्फाच्या लाद्या घसरत आल्या. प्रज्योतने बोटीच्या पुढच्या टोकावरून, नाळेवरून, दोर भिरकावला. गुडघाभर पाण्यात उतरून सुचिताने तो वरच्यावर झेलला.