यादीबाहेरचं सूर्यफूल

"बियांच्या रांगा एका दिशेने एकोणतीस, दुसऱ्या दिशेने सत्तेचाळीस. फूल सदोष. रोप उपटतो," नीटस म्हणाला आणि त्याने लोखंडी चिमटा उघडला.

"हात तर लावून बघ!" गौतमी रोपाच्या आड उभी राहिली.

चंद्रावरच्या हरितगृहातली (काचेच्या बागेतली) सूर्यफुलं तपासायची आणि सदोष ती उपटायची, हे नीटस या यंत्रमानवाचं काम. पण हे रोप गौतमीचं होतं! स्वतःच्या वाटणीचं पाणी घालून वाढवलेलं. आता कुठे ते फुललं, तर हा आला मोठा शहाणा!

आरडाओरडा ऐकून वसुआत्या धावत आली. ती इथली वनस्पतिशास्त्रज्ञ.

"आत्या, याला आवर!"

"अगं, नुसतं भांडून कसं भागेल? त्याचं कुठे चुकतंय ते दाखव. निरोगी फुलांचे कोणते आकडे आहेत त्याच्या यादीत?"

"एकवीस, चौतीस, पंचावन्न," नीटसने सांगितलं.

गौतमीला ते पाठच होतं. सूर्यफुलाच्या बिया सर्पिल (गोल फिरत बाहेर जाणाऱ्या) रांगांत बसतात. त्या रांगा मोजल्या की बहुधा फिबोनाची श्रेणीतले आकडे येतात. एक, दोन, तीन, पाच, आठ... मागचे दोन मिळवले की पुढचा.

"पण रोपाला बेरीज शिकवली कुणी?" आत्याने विचारलं.

"कुणीच नाही. नवी बी मोकळी जागा बघून बसते. रांगा आपोआप पडतात."

म्हणजे रोप काही यादी वाचून वाढत नाही! गौतमी फुलावर वाकली. मध्याकडे रांगा कमी होत जातात, त्या तिने मोजल्या. अठरा. आणखी आत अकरा.

"अकरा नि अठरा, एकोणतीस! अठरा नि एकोणतीस, सत्तेचाळीस!" ती ओरडली. "आणि मागे गेलं तर सात, चार, तीन, एक! नियम तोच आहे रे दगडा, फक्त सुरुवात वेगळी!"

"हे आकडे यादीत नाहीत."

"यादी गेली खड्ड्यात!"

आत्या खळखळून हसली. "ही ल्युका श्रेणी. क्वचित एखादं फूल असं निघतं. अगदी निरोगी आहे ते. नीटस, मागे हो."

"आत्या, याच्या बियांनाही अशीच फुलं येतील?" गौतमीने विचारलं.

"सांगता येत नाही, बाई."

"मग पेरूनच बघणार! सगळ्याच्या सगळ्या!"

नीटसचा चिमटा मिटला. "यादीत कोणते आकडे भरू?" त्याने विचारलं.

"एकही नको," गौतमी म्हणाली. "यादी पुसून टाक आणि बेरीज शिक!"