पडद्यावरच्या बाईचं नाव

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांच्यावर ती गुदरली, ते शांतलिंग मास्तर नळदुर्गच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. खोटं बोलायला जेवढं धाडस लागतं, तेवढंही त्यांच्यात नव्हतं.

मास्तरांच्या शब्दकोशात एक पत्र होतं. सात महिने तसंच पडून होतं. त्याला उत्तर गेलं नव्हतं.

"मास्तर, त्या दिवशी मीही कनातीपलीकडं बायकांत बसले होते. गोष्ट पुरी झाली नाही. शेवटी त्या बाईचं काय झालं, ते गावाला सांगाल का? — प्रमोदिनी."

प्रमोदिनी म्हणजे दवाखान्यातल्या नर्सबाई. तरुण विधवा. गावात एकट्याच राहायच्या.

झालं होतं असं. ईरण्णानं सरकीच्या जुन्या गोदामात टॉकीज काढली होती. इंग्रजी पिक्चर आला की पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट मराठीत समजावून सांगणारा माणूस लागायचा. ते काम मास्तरांकडं. उजेडात मान वर न करणारे मास्तर अंधारात भलतेच खुलायचे.

दसऱ्याला एक जुना विलायती विनोदी पिक्चर आला. छोटंसं गाव. तिथल्या टकल्या नगराध्यक्षाचा कोट एका विधवेच्या दोरीवर वाळताना कुणाला तरी दिसतो, आणि गावभर बोभाटा होतो.

इंग्रजी नावं लोकांच्या ध्यानात राहत नसत. म्हणून मास्तर पात्रांना गावातली नावं द्यायचे. टकल्याला त्यांनी गावच्या पुढाऱ्याचं, आण्णासाहेबांचं नाव दिलं. लोक हसले.

मग छत्री घेतलेली विधवा पडद्यावर आली...

"ह्या आपल्या नर्सबाई," मास्तर म्हणाले.

गोदाम दणाणलं. एवढी दाद मास्तरांना जन्मात मिळाली नव्हती. मग मास्तर तेच नाव घेत गेले.

शेवटच्या रिळात सगळा उलगडा होता. बाईनं कोटाला फक्त बटण लावून दिलं होतं. गाव तिची माफी मागतं. मास्तरांनी ते सकाळी चाचणीच्या वेळी पाहिलं होतं. पण सहाच्या खेळाची गर्दी दाराशी आली, म्हणून ईरण्णानं शेवटचं रीळ चढवलंच नाही.

लोक बोभाटा घेऊन घरी गेले.

महिन्याभरात कस्तुराबाईंनी सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या नर्सबाईंना उंबऱ्यावरून परत पाठवलं. मग दुसऱ्या घरानं. मग घरमालकानं खोली सोडायला सांगितली. मास्तर रोज उत्तर लिहायला बसायचे. 'लोक मलाच नावं ठेवतील' म्हणून उठायचे. नर्सबाई दुसऱ्या गावी, लोहाऱ्याला राहायला गेल्या. संक्रांतीनंतर कळलं... तापानं गेल्या. उशाशी कुणी नव्हतं.

१९५९ सालचा मे महिना. रविवार. दुपारी तीनचा खेळ.

तोच पिक्चर परत आला होता.

मास्तर नको म्हणत होते. ईरण्णानं हात धरून आणलं. "तुमच्याबिगर रंगत न्हाय ओ, मास्तर. गाव त्या नर्सबाईचं अजून इचारतंय!"

या खेपेला मास्तरांनी कुणाचंच नाव घेतलं नाही.

"नाव घ्या की, मास्तर! दातखीळ बसली व्हय?" पुढून कोंडीराम ओरडला.

पाचवं रीळ संपलं. ईरण्णानं खेळ आवरता घेतला. लोक शिव्या देत बाहेर पडले. मास्तर पडद्यावर दाखवायची छडी पडद्यामागं ठेवायला गेले, तेवढ्यात...

खाडकन बाहेरून कडी पडली.

फुकटे घुसू नयेत म्हणून ईरण्णा नेहमीच कडी घालायचा. मास्तरांनी दार बडवलं. हाका मारल्या.

बाहेर मशीनला वीज देणारं डिझेल इंजिन धडधडत होतं. तेही थांबलं...

आणि पडदा उजळला.

मशीनची खटखट नाही. इंजिनाचा आवाज नाही. नुसतं चित्र.

शेवटचं रीळ होतं ते.

सगळं गाव टोप्या काढून एका खुर्चीपुढं उभं होतं. खुर्चीला छत्री टेकवलेली होती. पण खुर्चीत...

कुणीच नव्हतं.

मास्तरांना पक्कं आठवत होतं. तिथं ती बाई बसलेली असते. रडत हसते.

लोकांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. मग ओठही थांबले. एकेक मान वळली. सगळे मास्तरांकडं बघू लागले.

मास्तर दाराला पाठ लावून उभे राहिले. दाराचा पत्रा तापला होता. अंग मात्र गार पडलं होतं.

कनातीपलीकडून दवाखान्यातल्यासारखा फिनेलचा वास आला...

"पुढं सांगा, मास्तर."

हळू, दमलेला आवाज. आर्जवी.

मास्तरांनी सांगितलं. "कोटाला फक्त बटण लावलं होतं. बाईचा दोष नव्हता. नर्सबाईंचाही नव्हता. नाव मी घातलं. मी."

पडद्यावरचं कुणी हललं नाही.

"मला नको सांगू... गावाला."

नर्सबाई त्यांना पहिल्यांदाच अरेतुरे बोलल्या होत्या.

अंधार झाला. कडी निघाली. दारात ईरण्णा होता.

"अगागा, आत हाय व्हय तुमी? म्या च्या पिऊन आलो की!"

"मशीन... चालू कशाला ठेवलंस?"

"कसली मशीन? इंजिन बंद हाय. आन् दावतो काय? शेवटचं रीळ डब्यात आलंच न्हाय ह्या खेपेला."

सहाच्या खेळाला पाचवं रीळ संपलं, तेव्हा मास्तरांनी गॅसबत्ती पडद्यापुढं आणायला लावली. उजेडात उभं राहून त्यांनी उरलेली गोष्ट सांगितली. नाव कुणी घातलं, तेही सांगितलं.

कुणी हसलं नाही. कनातीपलीकडून कस्तुराबाई उठल्या आणि पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

सकाळी मास्तरांनी उत्तर लिहिलं. "बाई, गोष्ट पुरी केली. उशीर झाला." पत्ता लोहाऱ्याचाच घातला. दुसरा कुठला घालणार?

पोस्टमननं टपालपेटी नुकतीच रिकामी केली होती. मास्तरांनी पत्र फटीत सरकवलं आणि कान देऊन थांबले.

पत्र आत पडल्याचा आवाज आला नाही...

आतून कुणी तरी ते त्यांच्या बोटांतून अलगद काढून घेतलं होतं.