करंबाईचा कौल

करंबगडाच्या कड्यांवर तांबडं फुटत होतं, खोऱ्यात धुकं दुधासारखं साचलं होतं. पण गडावर रात्रभर कुणाचा डोळा म्हणून लागला नव्हता. सरनोबत निंबाजीराव धामाले यांनी किल्लेदार सिदोजी खराड्यांना झोपेत कापून गड घेतला, त्याला महिना होत आला, तरी शिबंदी दुभंगलेलीच! दोन चुली, दोन पंगती, आणि पाणवठ्यावरसुद्धा हात तलवारीच्या मुठीवर.

आज देवीला कौल लावायचा होता. करंबाईच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी गळली की देवीनं क्षमा केली, रक्त धुतलं गेलं. मग साऱ्यांनी इमानाचा बेलभंडारा उचलून नव्या धन्याच्या पंगतीला बसायचं, असा शास्त्रीबुवांचा निर्णय. न बसेल त्याचा कडेलोट.

म्हातारा गुरव आंधळा झालेला, म्हणून त्याची लेक आवडाई गाभाऱ्यात उभी होती. निंबाजीरावांनी तिला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "उजवी पाकळी जरा कोरडीच लाव, पोरी."

नगारा थांबला. आवडाईनं तबक उचललं आणि परत खाली ठेवलं!

"कौल लागणार नाही, सरकार."

"का? भ्यालीस?" निंबाजीराव हसले.

"भ्याले तर! पण उजवी पाकळी कोरडी लावायचा आपला हुकूम आहे. म्हणजे कौल आपलाच. देवीला कशाला तसदी?"

सभामंडपात एकच कुजबुज उठली. शास्त्रीबुवा कडाडले, "अगं, ती जगाची माय! तिनं पदरात घेतलं की पाप उरतं कुठं?"

"बुवा, तुमच्या घरचं माणूस कापलं असतं, तर हेच म्हणाला असतात? देवीचं माणूस मारलं का यांनी, की तिनं माफ करावं? ज्यांचं कुंकू पुसलं त्या किल्लेदारीण उमाबाईसाहेब पहाऱ्यात कोंडलेल्या आहेत. त्यांना विचारलं कुणी?"

सर्रकन निंबाजीरावांची तलवार म्यानाबाहेर आली, आवडाईच्या गळ्याला टेकली.

"मान उडेल!"

"उडवा. मग त्या खुनाचीही माफी देवीकडेच मागाल ना?"

निंबाजीरावांनी वळून पाहिलं. ज्यांच्या बळावर गड घेतला, ते त्यांचेच लोक माना खाली घालून उभे होते. एकानंही नजर दिली नाही. तलवार हळूहळू खाली आली.

अनवाणी, उघड्या डोक्यानं ते उमाबाईंच्या दारी गेले, पहारा उठवला आणि साऱ्या गडाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मीच मारलं. झोपेत मारलं. क्षमा असावी."

बंद दारामागून उत्तर आलं, "नाही."

"उद्या येऊ?"

"उद्याही नाहीच मिळायची. यायला मनाई नाही."

ते रोज येत राहिले. दसरा गेला, दिवाळी गेली, दार काही उघडेना. पण धनी असा उन्हातान्हात उभा राहतो हे पाहता पाहता, कुणी न सांगता, दोन चुलींची एक चूल झाली.

पौषातल्या एका सकाळी कडी वाजली. पांढऱ्या लुगड्यातल्या उमाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"माफ केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण गारठा फार आहे. आत येऊन उभे राहा."