मिठाचं पाणी

क्षितिजाचं काम तसं बैठं होतं. वसईतल्या एका खासगी इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात बसून ती रुग्णांच्या फायली वाचायची आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड द्यायची. डॉक्टरांनी जे लिहिलं नाही, ते आपल्या मनानं घालायचं नाही, एवढा नियम पाळला की झालं.

श्रावणातल्या एका कुंद दुपारी तिच्याकडे आत्मारामची फाईल आली. राहणार नंदाखाल, केळीची वाडी. मेंदूच्या आवरणाला सूज, परजीवी अळीचा संशय. अळी कुठली, ती जागा मात्र कोरी. तिनं डॉक्टर उन्नतींना विचारलं.

"कच्चं काय खाल्लं ते कळलं तर मी ठाम लिहीन," मॅडम म्हणाल्या. "पण त्यांची बायको माझ्यापुढे तोंडच उघडत नाही. तू त्यांच्या शेजारच्या आगाशीची ना? बघ तुझ्याशी बोलतेय का."

क्षितिजा वर गेली. खोलीचं दार ढकललं आणि एक वास अंगावर आला. इस्पितळाचे सगळे वास तिच्या सवयीचे होते. हा त्यातला नव्हता. पावसात कुजलेल्या केळीच्या खुंटासारखा ओला, गोडसर, घशाला चिकटणारा वास होता. पडदे ओढलेले. आत्माराम कुशीवर, अंग आखडून पडला होता. चादर टोचते म्हणून त्यानं ती लाथाडली होती, आणि उघड्या पाठीवर घामापेक्षा दाट काहीतरी चकाकत होतं. उशाशी त्याची बायको सुभद्राबाई ओलं फडकं घेऊन बसली होती.

"मावशी, मी इथेच काम करते. काकांनी कच्चं काही खाल्लं होतं का? उपचारासाठी हवंय."

सुभद्राबाईनं फडकं पिळलं. मग दाराकडे बघत हळूच म्हणाली, "शंखी गोगलगायी."

"पाल्याबरोबर चुकून गेली असेल एखादी?"

"चुकून नाय गं पोरी. औंदा वाडीत नुसता बुजबुजाट झाला. हे रोज वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. फेस यायचा, घाण सुटायची. एक दिवस मी मागल्या दारी गेले, तर हे बादलीपाशी बसलेले. एक उचलली... शंख फोडला... आणि ठेवली जिभेवर. चावली नाय. तोंड उघडं ठेवून बसले. ती आपली आपण आत गेली."

क्षितिजानं तोंडावर रुमाल धरला. "आणि मग डोकं दुखायला लागलं?"

"डोकं आधीपासून दुखत होतं. महिनाभर. भूक मागाहून लागली."

खाटेवर हालचाल झाली. आत्मारामनं डोळे उघडले नाहीत, पण मान सलाइनच्या बाटलीकडे वळवली. मान वळली म्हणण्यापेक्षा लांबली, असं क्षितिजाला वाटलं.

"मीठ..." तो पुटपुटला. "मीठ काढ गं... आत सगळी ओरडतायत..."

तिची नजर त्याच्या हाताकडे गेली. सुई टोचली होती तिथे, चिकटपट्टीच्या कडेनं, पांढरा बारीक फेस येत होता. एकेक बुडबुडा फुगत होता, फुटत होता. सुभद्राबाईनं सवयीनं तो पुसला. तो पुन्हा आला.

क्षितिजा बाथरूमपर्यंतही पोचली नाही. जिन्यातच ओकली.

तोंड धुऊन तिनं मॅडमना सगळं सांगितलं. फेस म्हणजे पट्टीखाली अडकलेलं औषध, असं म्हणून मॅडमनी नर्सला सुई बदलायला पाठवलं. उंदरातून गोगलगायीत आणि गोगलगायीतून माणसाच्या मेंदूत शिरणारी ती अळी त्यांना ठाऊक होती. त्यांनी ठाम अक्षरात नाव लिहिलं.

"पण मॅडम, डोकं आधीपासून दुखत होतं म्हणतात. खाणं नंतरचं."

"असं होत नाही गं. आधी खाणं, मग दुखणं. बाई घाबरलीय, गोंधळ झालाय तिचा."

फाईलमध्ये तोच क्रम गेला. क्षितिजानं कोड घातला. त्या संध्याकाळी आईनं केलेल्या अळूच्या फदफद्याची वाटी तिनं ताटाबाहेर सारली. ती हिरवी, बुळबुळीत धार बघवेना.

औषधांचा उपयोग झाला नाही. आत्माराम आठवड्याच्या आत गेला. सुभद्राबाईचीही तपासणी झाली. तिच्यात काही निघालं नाही. निघताना तिनं क्षितिजाचा हात धरला. "तू ऐकलंस माझं. दहाव्याला ये."

दहाव्याला तळ्याकाठी लख्ख ऊन होतं. आत्मारामच्या पुतण्यानं, सिद्धेशनं, केळीच्या पानावर पिंड ठेवला आणि सगळी माणसं लांब उभी राहिली. कावळे समोरच्या ताडावर भरपूर होते, पण एकही खाली उतरेना.

"काका, काकूला आम्ही सांभाळू," सिद्धेशनं हात जोडले. "वाडी विकणार नाही."

कावळे हलले नाहीत. गुरुजी कंटाळून दर्भाचा कावळा करायला बसले, तेवढ्यात गवत हललं. काठाच्या चिखलातून एक शंखी वर आली. तिच्यामागून दुसरी. मग किती आल्या कोण जाणे. भर उन्हात, कोरड्या दगडावरून, चिकट रेघा ओढत त्या पानावर चढल्या आणि भात त्यांच्या तपकिरी अंगांखाली दिसेनासा झाला. बायकांनी पदर तोंडाला लावले. कुणालातरी ओकारी आली. पुढे व्हायची छाती मात्र कुणाची झाली नाही.

सुभद्राबाई तेवढी हात जोडून बघत होती. "जेवा," ती म्हणाली. "पोटभर जेवा..."

आल्या तशाच त्या गोगलगायी संथपणे पाण्याकडे गेल्या. पान उचलायला सिद्धेश वाकला आणि तसाच राहिला. क्षितिजा त्याच्या मागोमाग गेली होती. तिनं त्याच्या खांद्यावरून पाहिलं.

पिंड अर्धा उरला होता. उरलेल्या भाताच्या कडेला माणसाच्या दातांचे ठसे होते. वरचे आणि खालचे, स्वच्छ उमटलेले... एका घासाचे.